कासरगोडच्या यादीतला मराठी माणूस

खजूर पुन्हा आला आहे. हमरस्त्याच्या कडेला पिकअप गाड्या लागल्या आहेत, कुणी अल खर्जहून आलेलं, कुणी हुफूफहून. मागच्या फळीवर पुठ्ठ्याची खोकी, खोक्यांत अर्धे पिवळे, अर्धे तपकिरी, नुकते मऊ पडलेले रुतब. लोक गाडी थांबवतात, एक उचलून तोंडात टाकतात आणि डोळे मिटतात. मी काच वर करते. मला तो वास सहन होत नाही. पंचेचाळीस डिग्रीच्या उन्हात आंबू लागलेल्या साखरेचा वास, पुठ्ठ्याला आलेला चिकट ओलावा, त्यावर बसलेल्या आणि उडायचाही कंटाळा आलेल्या माशा. परवा आईनं ताटलीत चार ठेवले. मी ताटली ढकलली. आईनं ती उचलून आत नेली. तिला कारण माहीत आहे.

खजुराचा दोष नाही, हे आधीच सांगून टाकते. आमच्या लोकांना फळाबद्दल, पावसाबद्दल, चंद्राबद्दल चार पानं लिहिता येतात. दोष कुणाचा हे एका ओळीत लिहायची वेळ आली की पेनातली शाई संपते. मला पुण्यात कॉलेजच्या दिवसांत पत्रकं लिहायची सवय लागली. वसतिगृहाचं पाणी, ग्रंथालयाच्या वेळा, मेसमधल्या अळ्या. पत्रकात पहिल्या ओळीत सांगायचं असतं की काय झालं, आणि दुसऱ्या ओळीत की कुणामुळे. तर सांगते. गेल्या वर्षी याच हंगामात रियाधमधल्या एका हॉस्पिटलात एक मराठी माणूस पाच दिवस मराठीत सांगत होता की मला इथं दुखतंय. ते कुणाला कळलं नाही. आणि त्याच पाच दिवसांत, अर्ध्या तासाच्या अंतरावर, आम्ही मराठी भाषा वाचवत होतो.

त्यांचं नाव इस्माईल. दाभोळच्या खाडीकाठचे. अल सुलैमधल्या एका गोदामात स्टोअरकीपर. मी त्यांना इस्माईलमामू म्हणायचे, म्हणजे एकूण दोनदा म्हटलं. पहिल्यांदा भेटले ती थंडी होती. आमच्या मराठी मंडळाच्या स्टेजचा पडदा आणि लोखंडी पाइप त्या भागात एका वखारीत ठेवलेले असतात, ते मोजून घ्यायला मी गेले होते. फोनवर आईशी बोलत होते, जोरजोरात, कारण बाहेर ट्रेलर मागे घेत होते. फोन ठेवला तर मागे एक उंच, सडपातळ, पांढऱ्या दाढीचा माणूस उभा. कानाला पेन्सिल.

"तुमी मराठी?"

"हो. तुम्ही?"

"आमी रत्नागिरीचे! या, या, च्या घ्या. ह्यो ट्रेलर काय आज जात नाय."

सुलैमानी चहा, लिंबू पिळलेला, कागदी पेल्यात. पंधरा मिनिटांत त्यांनी माझं गाव, आजोळ, वडिलांची बँक, इथं किती वर्षं, सगळं काढून घेतलं. मग विचारलं, तुमचं मंडळ काय करतं? मी पर्समधून पत्रक काढून दिलं. मीच लिहिलेलं. संक्रांतीच्या कार्यक्रमाचं. त्यांनी चष्मा लावून, ओळीवर बोट ठेवून, सगळं वाचलं. खाली ठळक अक्षरांत होतं: फक्त कुटुंबांसाठी.

बोट तिथं थांबलं. "हां," ते म्हणाले. "आमी ब्याचलर."

बासष्ट वर्षांचा माणूस. बायको, दोन मुली, एक जावई, दुसऱ्या मुलीचं लग्न ठरलेलं. पण आखातात ज्याचं बिऱ्हाड सोबत नाही तो ब्याचलर. इमारती ब्याचलरना खोली देत नाहीत, बागा ब्याचलरना आत घेत नाहीत असे दिवस होते, आणि जिथं तो नियम इथल्या लोकांनी सैल केला तिथंही आमच्या मंडळानं तो इमानानं सांभाळला आहे. त्यांनी पत्रक चौपदरी घडी करून खिशात ठेवलं. मी म्हणू शकले असते, मामू, या हो, मी सांगते त्यांना. मी म्हटलं, "पुढच्या वेळी बघू." आणि पाइप मोजायला गेले. एकोणीस होते.

मंडळ नाही तर माणूस कुठं जातो? इस्माईलमामू सव्वीस वर्षांपूर्वी शेजाऱ्यांकडे गेले. शेजारी म्हणजे मल्याळी. गोदामाच्या मागच्या गल्लीत मोइदूक्कांचं हॉटेल आहे, मोइदू नाव, आणि 'इक्का' म्हणजे त्यांच्याकडे मोठा भाऊ. हॉटेलला जोडून मेस. खोबरेल तेलाचा वास, भिंतीवर मक्केचं कॅलेंडर, त्याच्या शेजारी फुटबॉल संघाचा फोटो, फ्रीजवर तीन वेगवेगळ्या मल्याळी संघटनांची तीन पोस्टरं, ज्यांचं एकमेकांशी पटत नाही. मामू पहिल्या दिवशी तिथं जेवायला गेले ते मत्तीच्या, म्हणजे तारलीच्या, कालवणासाठी. तेलातले मासे पाहून म्हणे डोळ्यांत पाणी आलं. पण कालवणात आंबटाला कुडंपुळी होती, आमसूल नव्हतं. तिथंच भांडण सुरू झालं आणि ते सव्वीस वर्षं चाललं. मामू गावाहून येताना आमसुलं आणायचे, शुक्रवारी मेसच्या चुलीवर स्वतः कालवण टाकायचे, आणि मोइदूक्का पातेल्यात बोट बुडवून म्हणायचे, "ये मछली है या सरबत?"

ते मल्याळम शिकले, ते असं भांडता भांडता. सगळे त्यांना इस्माईलिक्का म्हणायचे. हिवाळ्यात सात-सात जणांचे फुटबॉलचे सामने होतात, मामू आधी गोलकीपर होते, गुडघे गेल्यावर कडेला झेंडा घेऊन उभे राहायचे आणि आपल्या संघाच्या बाजूनं बिनदिक्कत चुकीचा झेंडा दाखवायचे. ओणमचं जेवण इथं ओणम उलटून गेल्यावर चार महिने चालतं, दर शुक्रवारी कुठली ना कुठली शाखा पानं मांडते. वाढप्यांच्या रांगेत मामू, कमरेला पांढरं मुंडू, हातात पायसमची बादली. गावी जाणाऱ्याची खोकी दोरीनं बांधायची, त्यावर मोठ्या अक्षरात नाव घालायचं, हेही त्यांचं काम. दोरीच्या त्यांच्या गाठी म्हणे विमानतळावरचे लोकही सोडू शकायचे नाहीत. होडीच्या गाठी त्या.

यादीची गोष्ट मोइदूक्कांनी मला नंतर सांगितली. त्यांच्या संघटनेत नाव घालायचं तर जिल्हा लिहावा लागतो, आणि जिल्हे केरळचेच. बैठकीत दोघा-तिघांनी हरकत घेतली की हा माणूस आपला नाही. मोइदूक्का उठले आणि मामूंचं नाव कासरगोडखाली लिहून मोकळे झाले.

"कासरगोड क्यों?" मी विचारलं.

"सबसे ऊपर वही है," ते म्हणाले. "उसके ऊपर थोड़ा समंदर, फिर रत्नागिरी. एक ही किनारा है, मोळे. नक्शा देखो."

मोळे म्हणजे पोरी. आणि मल्याळी म्हणजे देवमाणसं असं मला मुळीच म्हणायचं नाही. भांडखोर आहेत, गटबाज आहेत, त्या हरकत घेणाऱ्यांनी वर्षभर मोइदूक्कांशी बोलणं टाकलं होतं. पण हरकत घेतली ती बैठकीत, तोंडावर, आणि हरले. आमच्याकडे हरकत कुणी घेतच नाही. आमच्याकडे पत्रकावर एक ओळ असते.

गेल्या वर्षी रुतब आले तेव्हा मामू गोदामात कोसळले. दुपारी बारा ते तीन बाहेरचं काम बंद असतं, सगळे आत पुठ्ठे अंथरून पडलेले असतात, म्हणून लगेच कळलं तरी. उजवी बाजू गेली. चार दिवसांनी शुद्ध आली, तोंड उघडलं, आणि जे बाहेर आलं ते मोइदूक्कांना कळेना. मल्याळममध्ये विचारलं, उत्तर नाही. हिंदीत विचारलं, नुसते बघत राहिले. अरबी गेली, इंग्रजीतले चार शब्द गेले. खाडीकाठची बोली तेवढी राहिली. डॉक्टरांनी सांगितलं, असं कधी कधी होतं. मागाहून शिकलेलं पुसलं जातं, आईकडून आलेलं उरतं.

"छब्बीस साल," मोइदूक्का मला म्हणाले, "छब्बीस साल मेरे से मलयालम में झगड़ा किया. अब मैं बैठा हूँ, वो मुझे देखता है जैसे मैं कोई चपरासी है."

तुम्ही विचाराल, घरी फोन का नाही लावला? मीही विचारलं, जरा चढ्या आवाजातच. इथं एक रीत आहे, आखातातल्या प्रत्येक ब्याचलरला माहीत असलेली: मला काही झालं तर घरी सांगू नका. निभावलं तर सुट्टीत मी स्वतः सांगेन. एकमेकांना तसं वचन दिलेलं असतं. मामूंची थोरली नवव्या महिन्यात होती, बायकोला आधीच छातीचं दुखणं. मोइदूक्का रोज त्यांच्या फोनवरून गावी निरोप धाडत होते: काम फार आहे, माइक बिघडलाय, नंतर बोलतो. प्रेमानं केलेली चूक. पण चूकच. घरच्या कुणीही अर्ध्या मिनिटात अर्थ सांगितला असता. दमामला त्यांच्या ओळखीचा एक कोकणी व्यापारी होता, तो सुट्टीवर गावी. आणि मामूंच्या कपाटात, पासपोर्टच्या प्रतीमागे, एक चौपदरी पत्रक सापडलं. खाली संपर्कासाठी नंबर.

नंबर प्रदीपकाकांचा. प्रदीपकाका आमचे सचिव, एका बँकेत मोठ्या हुद्द्यावर, माझ्या वडिलांचे जुने मित्र, मला लहानपणी खांद्यावर घेऊन फिरवलेले. हे मुद्दाम सांगते. राक्षस नव्हेत ते. मोइदूक्कांनी सोमवारी सकाळी फोन केला, एक माणूस हवा म्हणाले, दिवसाकाठी तासभर बसेल असा, मराठी बोलणारा. प्रदीपकाका म्हणाले, ग्रुपवर टाकतो. मग मोइदूक्कांनी मामूंच्या तोंडापाशी फोन धरला आणि अकरा सेकंदांचा आवाज पाठवला. प्रदीपकाकांनी तो समितीच्या ग्रुपवर पुढे ढकलला. सोबत ओळ: "एक केरळी ग्रुपचा पेशंट आहे, मराठी कळते असे म्हणतात. कोणाला वेळ असल्यास बघावे."

समितीत आम्ही अठ्ठावीस जण. त्या ओळीखाली लगेच समितीतल्या वर्षाताईंचा निरोप, शुक्रवारच्या उत्सवासाठी साड्यांचा रंग मोतिया की आंबा. त्याखाली साठ निरोप. मोतिया ठरला.

त्या आठवड्यात माझ्यापाशी वेळ नव्हता, कारण मी भाषा वाचवत होते. शुक्रवारी आमचा भाषा उत्सव होता, शहराबाहेरच्या एका इस्तिराह्यात, म्हणजे भाड्यानं मिळणाऱ्या बागेच्या घरात. घोषवाक्य मी दिलेलं: बोलाल तर टिकेल. फलकावर पिवळ्यात लाल. पोहण्याच्या हौदाच्या कडेनं खुर्च्या, वर कागदी पताका, एका टेबलावर ताटंच्या ताटं रुतब, त्यांच्यावर प्लास्टिकचा कागद आणि कागदाच्या आत अडकलेल्या माशा. चौथीतली मुलं रांगेत उभी राहून अवयवांची नावं म्हणत होती. डोकं, कपाळ, मान. वर्षाताई बोटानं दाखवायच्या, मुलं ओरडायची. मांडी, गुडघा, पोटरी. एका मुलीनं मध्येच थांबून समोर बसलेल्या आईला विचारलं, "मम्मा, व्हॉट इज पोटरी?" आई हसून म्हणाली, "काफ, बेटा. गो ऑन." सगळे हसले. सगळ्यांचे फोन वर, चित्रीकरण चालू. त्यातल्या पंधरा-वीस फोनांत तो अकरा सेकंदांचा आवाज पडून होता. माझ्याही.

तेव्हा मला किळस आली नाही. तेव्हा मी टाळ्या वाजवल्या.

शनिवारी सुट्टी. दुपारी जेवून आडवी झाले आणि फोनमधले फोटो पुसायला बसले. ग्रुपवर वर सरकत सरकत त्या ओळीपाशी आले. सोबतच्या आवाजाचा ठिपका अजून हिरवा. म्हणजे ऐकलेला नाही. कंटाळ्यानं दाबला. आधी कसलं तरी यंत्र टिकटिकतंय. मग श्वास. मग तो आवाज, ट्रेलरच्या घरघरीवर मात करणारा आवाज होता तो थंडीत, आता फाटलेला:

"पोटरी ठनकते. लय ठनकते. बगा ना कुनीतरी."

मी आईला हाक मारली. आईनं ऐकलं आणि पदर तोंडाला लावला. ती म्हणाली, "अगं, हे तर साधं आहे." हेच वाक्य मला वर्षभर पुरलं आहे. अगं, हे तर साधं आहे.

हॉस्पिटलात पोचले तर मोइदूक्का खाटेपाशी स्टुलावर, हातात मामूंचा चष्मा. मामूंचा डावा हात कठड्याला कापडानं बांधलेला, नळ्या ओढतात म्हणून. मी वाकले. म्हटलं, "मामू, मी सई. पाइप मोजायला आले होते ती. पोटरी ठणकते का?"

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी पत्रकं लिहिते, मला डोळ्यांची वर्णनं लिहिता येत नाहीत. एवढंच लिहिते की त्यांनी आधी मान हलवली, मग हलवतच राहिले, आणि म्हणाले, "हां गं बाय. हां. हां." जणू ते होकार पाच दिवस साठले होते.

नर्सही केरळचीच होती. मी सांगितल्याबरोबर तिनं मोजा खाली केला. पाय सुजलेला, तांबूस, गरम. तिनं डॉक्टरांना बोलावलं. डॉक्टर तरुण होते, सुदानी, हळू बोलायचे. तपासून त्यांनी मला विचारलं, कधीपासून दुखतंय असं म्हणतायत? मी मामूंना विचारलं नाही. मी फोन काढला आणि आवाजाखालची तारीख दाखवली. सोमवार, सकाळी दहा पंचवीस.

"हे कुणाकडे होतं?" डॉक्टरांनी विचारलं.

"आमच्याकडे," मी म्हटलं.

"आमच्या म्हणजे?"

"जे ही भाषा बोलतात त्यांच्याकडे."

ते पुन्हा पायाकडे वळले. चिडले असते तर बरं वाटलं असतं. त्यांनी तपासणी लिहिली, पोटरीच्या शिरेत रक्ताची गुठळी निघाली, औषध सुरू झालं. दोन दिवस मी ऑफिस बुडवून बसले. मामू बोलत होते. खाडीला भरती आली का, होडी वर ओढली का, खळ्यात कोण आलं. माझ्या पुस्तकी मराठीला ते मधूनच हसायचे. मी "आपण विश्रांती घ्या" म्हटलं तर डावीकडच्या अर्ध्या ओठानं म्हणाले, "मास्तरीन हायस काय?" मोइदूक्का विचारायचे, क्या बोला, क्या बोला, आणि मी सांगितलं की स्वतःच्या मांडीवर थाप मारून मल्याळममध्ये मामूंना शिवी घालायचे. मामूंना शिवी कळायची नाही. पण थाप कळायची.

मंगळवारी सकाळी गुठळी सुटली आणि फुप्फुसात गेली. मी लिफ्टमध्ये होते, हातात दोन चहा.

दफन इथंच झालं. मी गाडीत बसून राहिले, बायका आत जात नाहीत. फाटकातून माणसं येताना दिसत होती, ड्रायव्हर, गवंडी, कॉम्प्युटरवाले, मेसचे आचारी, वर्षभर न बोललेले हरकतवालेही. शंभरावर असतील. मी मराठी माणूस शोधत होते. एकही नाही. खोटं कशाला लिहू, माझे वडील आले होते. तेही बाहेरच, माझ्या शेजारच्या सीटवर, पुढच्या काचेकडे बघत.

त्याआधी मामूंच्या बायकोला एक फोन करायचा होता. मोइदूक्कांनी क्रमांक लावला आणि फोन माझ्या हातात दिला. "तू बोल. तेरी भाषा है." त्या बाईला मी आयुष्यात पाहिलं नव्हतं. मी सांगितलं. पलीकडे कोंबड्यांचा आवाज, मग कुणीतरी तिला बसवलं असावं. मग तिनं विचारलं, "जवल कुनी व्हतं काय त्यांच्या?"

"होते. पुष्कळ जण होते. एक दिवस एकटं ठेवलं नाही."

"आपलं कुनी?"

मी म्हटलं, "मी होते."

दोन दिवस. सव्वीस वर्षांतले दोन दिवस, आणि मी म्हटलं, मी होते. ती म्हणाली, "अल्ला तुजं भलं करो, बाय."

प्रदीपकाकांकडे गेले. भांडायला नाही, विचारायला. काकूंनी सरबत दिलं, टेबलावर अर्थातच रुतब. काका म्हणाले, "सई, तू भावनिक होतेयस. तो माणूस त्यांच्या यादीत होता. कासरगोड लिहिलंय म्हणे. आपण मध्ये पडलो असतो तर त्यांना नसतं आवडलं."

"त्यांनीच फोन केला होता, काका."

"आणि त्यांची बोली वेगळी असते गं. उर्दूमिश्रित. आपल्याला कळली असती का?"

"तुम्ही ऐकलीत?"

काकांनी एक खजूर उचलला, बी काढली, ताटलीच्या कडेला ठेवली. "इतकं येतं ग्रुपवर. कुणाकुणाचं ऐकायचं?" बोटं चिकट झाली होती, ती त्यांनी कागदी रुमालाला पुसली, एकेक करून, सावकाश. मी त्या बोटांकडे बघत होते. माझा आणि खजुराचा संबंध तिथं संपला.

वाटलं, इथवरच असेल. पण मार्चमध्ये मंडळाचा वार्षिक अंक निघाला, गुळगुळीत कागदाचा. पान चौदा, 'सामाजिक उपक्रम'. मंडळाच्या कार्यकर्त्यांनी एका गरजू मराठी बांधवाची रुग्णालयात अहोरात्र शुश्रूषा केली. खाली फोटो, खाटेपाशी मी वाकलेली. मोइदूक्कांनी नर्सकडून काढून घेऊन मला पाठवलेला. मी वडिलांना, वडिलांनी भोळेपणानं काकांना. फोटोत डावीकडे स्टुलावर मोइदूक्का होते. अंकात ते नाहीत. कापलेत. कडेला फक्त त्यांचा गुडघा राहिला आहे. आणि मामूंचं नाव इब्राहिम छापलं आहे.

मेल्यावर तो मराठी बांधव झाला. जिवंत असताना ब्याचलर होता, केरळी ग्रुपचा पेशंट होता, उर्दूमिश्रित होता. मी समिती सोडली. पत्रात लिहिलं, भाषा वाचवणाऱ्यांनी आधी ती ऐकावी. वर्षाताईंचा निरोप आला: "किती छान ओळ! पुढच्या उत्सवाला घेऊ या?" परवा प्रदीपकाकांचाही आला. हंगाम आलाय ना. "बेटा, राग गेला असेल तर यंदाचं घोषवाक्य दे."

दिलेलं नाही. द्यायला वेळही नाही. मे महिन्यापासून दर शुक्रवारी सकाळी मी अल सुलैला जाते. मोइदूक्कांचाच फोन आला होता: "मोळे, हमको थोड़ा मराठी सिखाओ. अ आ इ नहीं. अस्पताल वाला."

"आता कोण आहे मराठी, मेसमध्ये?"

"अभी कोई नहीं. आएगा. रत्नागिरी से कोई न कोई आता है."

नाश्त्याची पुट्टूची भांडी आवरली की हॉटेलातली टेबलं जोडतात. अकरा जण येतात. मी म्हणते ते मल्याळी अक्षरांत वहीत उतरवतात, गोल गोल, जिलब्यांसारखं. चक्कर. मळमळ. छाती भरून आली. पाणी हवं. मोइदूक्का गल्ल्यावरून ओरडून चुका काढतात, स्वतः एक शब्द धड म्हणत नाहीत. गेल्या शुक्रवारी उजळणी होती. नौशाद म्हणून एक ट्रेलर ड्रायव्हर आहे, भल्या मोठ्या मिशांचा, त्याला म्हटलं, वही मीट, मी पेशंट, तू विचार. तो उठला, शर्ट नीट केला, माझ्यासमोर येऊन बसला.

"कुठं दुखतंय?"

"छान," मी म्हटलं.

"छान नहीं!" मोइदूक्का गल्ल्यावरून. "जवाब दो उसको. पेशंट जवाब नहीं देगा तो ये सीखेगा कैसे?"

नौशादनं पुन्हा विचारलं, हळू, एकेक अक्षर जपून. "कुठं... दुखतंय?"

"खांदा," मी म्हटलं. तोंडाला आला तो शब्द. "खांदा दुखतोय."

अकरा जणांनी एकदम माझ्या खांद्याकडे पाहिलं. नौशाद मागे वळून मल्याळममध्ये काहीतरी बोलला, एक जण आत गेला. मी म्हटलं, अहो, खोटं खोटं, सराव चाललाय ना. पण तोवर कुणाच्या तरी खिशातून बामची डबी निघून टेबलावरून सरकत माझ्यापुढे आली होती, झाकण काढलेली.